टीबी की कर्करोग? पेट-सीटीतल्या एसयूव्हीच्या आकड्यावर किती विसंबायचं

प्रश्न असा आहे. बीड जिल्ह्यात एमडी करणाऱ्या एका डॉक्टरांना प्रबंधासाठी पाहायचंय की छातीच्या मध्यभागातल्या गाठी (मेडियास्टायनल लिम्फ नोड्स) टीबीच्या आहेत की कर्करोगाच्या, हे पेट-सीटीतल्या (किरणोत्सारी साखर शरीरात कुठे साठते ते दाखवणाऱ्या स्कॅनमधल्या) एसयूव्हीमॅक्सच्या, म्हणजे गाठीतल्या सर्वाधिक साठ्याच्या आकड्याच्या, एखाद्या कट-ऑफवरून (ठरावीक सीमारेषेवरून) सांगता येतं का. त्यांच्या रुग्णालयात पेट-सीटी नाही. रुग्ण छत्रपती संभाजीनगर, पुणे, सोलापूर, हैदराबाद, जिथे सोय लागेल तिथून स्कॅन करून येतात. रिपोर्टवरचे आकडे गोळा करून काम भागेल का, आणि रुग्णाला पाठवताना काय सांगून पाठवावं, असं त्यांनी विचारलंय.

डॉक्टर, रिपोर्टवरचे आकडे उतरवून प्रबंध लिहून होईल, पण परीक्षकाने दोन प्रश्न विचारले की तो कोसळेल. पहिला प्रश्न जीवशास्त्राचा, दुसरा मोजमापाचा. दुसरा जास्त घातक आहे, पण सुरुवात पहिल्यापासून करू.

एफडीजी म्हणजे फ्लोरिन-१८ लावलेलं ग्लुकोज. ते ग्लुट या साखर आत नेणाऱ्या वाहकांतून पेशीत शिरतं, हेक्सोकायनेज हे एन्झाइम त्याला फॉस्फेट चिकटवतं, आणि पुढची पायरी होत नसल्यामुळे ते तिथेच अडकून राहतं. जी पेशी साखर जास्त ओढते ती स्कॅनवर पेटलेली दिसते. कर्करोगाची पेशी साखर ओढते, तशीच टीबीच्या ग्रॅन्युलोमातली (जंतूंभोवती जमलेल्या पेशींच्या गोळ्यातली) चवताळलेली मॅक्रोफेजही (जंतू गिळणारी पेशी) ओढते. त्यामुळे सक्रिय टीबीच्या गाठीचा एसयूव्हीमॅक्स १० च्या वर जाणं आणि कर्करोगाच्या ७-८ मिलिमीटरच्या गाठीचा ३ च्या आत राहणं, यात नवल काहीच नाही. ज्या देशांत टीबी विरळा आहे तिथून आलेला २.५ चा कट-ऑफ आपल्याकडे जसाच्या तसा लावला तर निम्मी ओपीडी चौथ्या स्टेजला जाईल. एक तास आणि दोन तासांनी दोनदा स्कॅन करून "वाढला तर कर्करोग, घटला तर टीबी" हा जुना नियमही टीबीच्या पट्ट्यात फसतो, कारण सक्रिय ग्रॅन्युलोमातही आकडा चढतच राहतो. उपचार पूर्ण झाल्यावरसुद्धा गोंधळ संपत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांवरचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा: टीबी बरा झालेल्या बऱ्याच जणांच्या फुप्फुसात औषधं संपल्यावरही पेटवर सक्रियता उरली होती, काहींच्यात तर नवे डागही दिसले. म्हणजे जुन्या टीबीचा इतिहास असलेल्या माणसाच्या फुप्फुसाच्या वरच्या लोबमधला (भागातला) एफडीजीचा डाग बघून कोणी छातीठोक निदान देत असेल, तर तो अंदाज आहे.

मग पेट-सीटीचा उपयोग काय? सर्वात मोठा उपयोग सुई कुठे घालायची ते ठरवण्याचा. मेडियास्टायनममध्ये चार गाठी आहेत, एक मानेत कॉलरबोनच्या वरही उजळलीय आणि ती सीटीवर जेमतेम एक सेंटिमीटरची आहे. तीच घ्या. सोनोग्राफीखाली दहा मिनिटांचं काम, ब्रॉन्कोस्कोपी टळली. मोठी गाठ मधून सडलेली असेल तर पेटवर तिचा गाभा थंड आणि कडा गरम दिसतात. सुई कडेत जायला हवी, नाहीतर "फक्त नेक्रोटिक मटेरियल" असा निरुपयोगी रिपोर्ट हातात येतो. नमुना नेहमी दोन भागांत वाटा: एक फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला, दुसरा सलाईनमध्ये सीबीनॅट (टीबीची जनुकीय तपासणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून पाहायला). सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये बुडवला की टीबीचं कल्चर गेलं. ही चूक इतक्या वेळा होते की मागणीपत्रावरच दोन बाटल्या लिहून पाठवाव्यात.

आणि पेट-सीटीतला सीटी वाचा. रंगीत चित्राच्या मोहात तो राहूनच जातो. पेट आणि सीटी एका टेबलावर आणण्याची कल्पना डेव्हिड टाउनसेंड आणि रोनाल्ड नट यांची. पहिला नमुना १९९८ साली पिट्सबर्गला बसला. रंगीत डागाला शरीरातला नेमका पत्ता मिळणं हाच त्या जोडणीचा मोठा फायदा. गाठीत कॅल्शियम आहे का, गाठ आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांपेक्षा दाट दिसते का, दोन्ही हायलमला (फुप्फुसांच्या मुळाशी) सारख्याच गाठी आहेत का, वरच्या लोबमध्ये झाडाच्या कोंबांसारखे बारीक ठिपके आहेत का, यातून टीबीकडे किंवा जुन्या ग्रॅन्युलोमाकडे कल जातो. एकाच बाजूला, ट्यूमरच्या लिम्फचा निचरा जिथे होतो नेमक्या त्याच स्टेशनवर (गाठींच्या ठरलेल्या जागी) गाठ असेल तर कर्करोगाकडे. तुमच्या प्रबंधात एसयूव्हीइतकंच वजन या खुणांना द्या. निकाल बहुधा त्यांच्याच बाजूने लागेल.

आता मोजमाप. एसयूव्ही म्हणजे गाठीच्या एक मिलिलिटरमध्ये किती किरणोत्सार आहे, भागिले सगळ्या शरीरात तो समान पसरला असता तर दर ग्रॅममागे किती असता. उदाहरण घ्या. ६० किलोचा रुग्ण, डोस २२२ मेगाबेक्वेरेल, म्हणजे ६ मिलिक्युरी. समान पसरला असता तर दर ग्रॅमला ३.७ किलोबेक्वेरेल. गाठीत १८.५ मोजले, तर एसयूव्ही ५. हा ५ चार नोंदींवर उभा आहे: वजन, डोस, वेळ आणि मशीनचं कॅलिब्रेशन. एकेक हलवून बघा.

वजन काट्यावर न घेता जुन्या केसपेपरवरून ६६ लिहिलं, तर तोच ५ आता ५.५ झाला. कर्करोगाचा रुग्ण दोन स्कॅनच्या मधल्या तीन महिन्यांत सहज सहा किलो उतरतो, आणि रिसेप्शनवर मागचं वजन तसंच उतरवलं जातं. डोस भरल्यावर सिरिंज आणि नळीत २२ मेगाबेक्वेरेल चिकटून राहिले आणि इंजेक्शननंतर सिरिंज परत मोजली नाही, तर प्रत्यक्षात शरीरात गेले २०० आणि मशीनला सांगितले २२२. खरा एसयूव्ही ५.५५, रिपोर्टवर ५. फ्लोरिन-१८ चा अर्धआयुकाल १०९.८ मिनिटं. हॉट लॅबमधलं (किरणोत्सारी डोस भरायच्या खोलीतलं) भिंतीवरचं घड्याळ आणि स्कॅनरचं घड्याळ यांच्यात दहा मिनिटांचा फरक असेल, तर साडेसहा टक्के चूक तिथेच झाली. घड्याळं रोज सकाळी जुळवायची असतात. किती ठिकाणी जुळवतात हे त्या केंद्राच्या तंत्रज्ञाला हळूच विचारून बघा.

इंजेक्शन शिरेबाहेर गेलं तर हिशेबच बिघडतो. डोसचा काही भाग हाताच्या मांसातच अडकतो, बाकी शरीराचे आकडे खाली येतात, आणि वर त्याच बाजूच्या काखेत एखादी निष्पाप गाठ उजळते. म्हणून स्तनाच्या रुग्णाला विरुद्ध हातात इंजेक्शन, आणि कॅन्युला सलाईनने तपासूनच. रिपोर्ट वाचताना इंजेक्शनची जागा फ्रेममध्ये आहे का ते पाहा. हात डोक्यावर असतील तर ती बऱ्याचदा कापलेली असते.

मग इंजेक्शन आणि स्कॅन यांतला वेळ. नियम ६० मिनिटांचा; युरोपच्या मार्गदर्शक सूचना ५५ ते ७५ मिनिटं चालवून घेतात. बहुतेक ट्यूमरमध्ये आकडा तासानंतरही चढत असतो, त्यामुळे एका केंद्रात ५५ मिनिटांनी आणि दुसऱ्यात गर्दीमुळे ९५ मिनिटांनी घेतलेल्या स्कॅनची तुलना करणं म्हणजे दोन वेगळे रोग मोजणं. शेवटी रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे कच्च्या डेटातून चित्र बांधणं. नव्या मशीनवर पॉइंट-स्प्रेड सुधारणा (चित्राचा धूसरपणा कमी करणारी) चालू असली की लहान गाठीचा एसयूव्हीमॅक्स जुन्या पद्धतीपेक्षा बराच वर जातो. गाठ तीच, दिवस तोच, कच्चा डेटा तोच, आकडे दोन. याउलट एक सेंटिमीटरखालच्या गाठीत पार्शल व्हॉल्यूममुळे (लहान गाठीतला किरणोत्सार चित्रात आजूबाजूला पसरून दिसत असल्यामुळे) आकडा मुळातच कमी दिसतो. गाठी लहान-मोठ्या मिसळून घेतल्यात तर तुमचा कट-ऑफ रोगाऐवजी गाठीचा आकार मोजत बसेल. प्रत्येक गाठीचा आखूड व्यास नोंदवा आणि विश्लेषणात घ्या.

एकाच केंद्रात सगळं काटेकोर केलं तरी त्याच रुग्णाचा, त्याच आठवड्यात पुन्हा केलेला एसयूव्हीमॅक्स साधारण १०-१२ टक्क्यांनी इकडेतिकडे होतो. हा मोजमापाचा स्वभावच आहे. चार शहरांतले आकडे एका एक्सेल पानावर आणले की यावर वरच्या सगळ्या चुकांची भर पडते. त्यामुळे टीबी ६.२ आणि कर्करोग ७.८ असा सरासरीचा फरक निघाला तरी त्याला अर्थ नाही.

यातून वाट आहे. एसयूव्हीमॅक्सऐवजी गाठ-यकृत गुणोत्तर घ्या. यकृताच्या उजव्या लोबमध्ये, रोग नसलेल्या भागात ३ सेंटिमीटर व्यासाचा गोल टाका, त्याचा एसयूव्हीमीन (सरासरी एसयूव्ही) घ्या, गाठीचा आकडा त्याने भागा. वजन, डोस, घड्याळ यांच्या चुका एकाच चित्रातल्या दोन्ही आकड्यांत सारख्याच शिरतात, म्हणून भागाकारात उडून जातात. इंजेक्शन ते स्कॅन या अंतराची, रक्तातल्या साखरेची आणि रिकन्स्ट्रक्शनची चूक उडत नाही, हे मर्यादांच्या भागात लिहायचं. दुसरा फायदा: यकृताचा एसयूव्हीमीन १.३ ते ३.० या पट्ट्याबाहेर असेल तर त्या स्कॅनमध्ये कुठेतरी पाणी मुरतंय, तो वेगळा काढा. महाधमनीतल्या रक्ताशीही गुणोत्तर काढून ठेवा. यकृतातच रोग असलेल्या रुग्णांसाठी ते कामी येतं.

लिम्फोमावाले (लिम्फ नोड्सच्या कर्करोगाचे डॉक्टर) हेच डोळ्यांनी करतात. डोव्हिलच्या पाच पायऱ्या म्हणजे गाठीची तुलना मेडियास्टायनमच्या रक्ताशी आणि यकृताशी: यकृताइतकी किंवा कमी असेल तर ३ पर्यंत, यकृतापेक्षा जास्त ४, कितीतरी जास्त किंवा नवी गाठ ५. आकड्याच्या नादी न लागता इतकी साधी मोजपट्टी जगभर टिकली. २०१६ च्या रॅथल चाचणीत हॉजकिन्सच्या (लिम्फोमाचा एक प्रकार) रुग्णांना केमोच्या दोन सायकलनंतर पेट करून, ज्यांचं निगेटिव्ह आलं त्यांच्या औषधांतून ब्लिओमायसिन वगळता येतं का ते तपासलं. फुप्फुसाचा त्रास कमी झाला आणि रोगनियंत्रणात ठळक फरक पडला नाही. पेटवरचं संशोधन कसं असावं याचा हा नमुना आहे: चित्रामुळे उपचारात काय बदललं, हे विचारणारं. फुप्फुसाच्या कर्करोगात २००२ च्या डच प्लस चाचणीने हेच केलं होतं. १८८ रुग्णांत निरर्थक ठरलेल्या छातीच्या शस्त्रक्रिया ४१ टक्क्यांवरून २१ वर आल्या. मात्र तिथल्या मेडियास्टायनममध्ये टीबीची भेसळ नव्हती. आपल्याकडे पेट पॉझिटिव्ह गाठीमुळे एखाद्याची शस्त्रक्रिया नाकारायची असेल, तर ईबसने (श्वासनलिकेतून सोनोग्राफीने बघत) सुई घालून सिद्ध केल्याशिवाय नाकारू नका. उलट पेट निगेटिव्ह आणि गाठ लहान असेल तर शस्त्रक्रियेकडे जायला पुष्कळ बळ मिळतं.

आता रुग्णाला पाठवताना काय सांगायचं. स्कॅन बिघडण्याची अर्धी कारणं मशीनपाशी पोचण्याआधीच घडलेली असतात.

उपाशीपोटी म्हणजे किमान सहा तास साध्या पाण्याशिवाय काही नाही. साबुदाण्याची खिचडी, केळ, राजगिऱ्याचा लाडू, "नुसता अर्धा कप चहा", यांतलं काहीच नाही. हे नाव घेऊन सांगावं लागतं, कारण वयस्क मंडळी उपवासाच्या हिशेबाने येतात. तोंडातली तंबाखू, सुपारी, गुटखा आदल्या रात्रीपासून बंद. इंजेक्शननंतर चघळत बसलेल्या माणसाच्या जबड्याचे स्नायू इतके पेटतात की गालाच्या कर्करोगाची कड हरवते. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको, आणि निदान झाल्यावरही सवय सुटलेली नसते. त्या तासात बोलायचंही नाही. स्वरतंतू उजळतात आणि एकच बाजू उजळली तर घशातल्या रोगाची शंका येते. मोबाईल नातेवाइकाकडे द्यावा.

आदल्या दिवशी अंगमेहनत नको. ऊसतोडीवरून किंवा कापूस वेचून दुसऱ्या दिवशी थेट आलेल्या माणसाच्या खांद्या-दंडाच्या स्नायूंत एफडीजी साठतं आणि बाकी चित्र फिकं पडतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या एसटीने खिडकीशी बसून, कुडकुडत येणारे तरुण आणि सडपातळ रुग्ण वेगळाच घोळ घालतात: मानेतली, कॉलरबोनच्या वरची आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंची तपकिरी चरबी उष्णता तयार करायला साखर ओढते, आणि नेमक्या त्याच जागी तुम्ही गाठ शोधत असता. सीटीवर तिथे चरबीच दिसते, गाठ नसते, यावरून ओळखता येतं. पण खऱ्या लहान गाठी त्याखाली लपतात. स्वेटर, कानटोपी, इंजेक्शनआधीच उबदार खोली आणि नंतरही पांघरूण. गरज वाटली तर प्रोप्रॅनोलॉल तासभर आधी, दमा नसेल तरच.

मधुमेहींचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच सर्वाधिक स्कॅन वाया जातात. रक्तातली साखर २०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर नेहमीच्या निदानाचा स्कॅनसुद्धा पुढे ढकललेला बरा. संशोधनासाठी १२६ ते १५० च्या दरम्यान मर्यादा धरतात. साखर जास्त असली की ती एफडीजीशी स्पर्धा करते आणि गाठ फिकी पडते. घाबरून कोणीतरी तिथेच इन्सुलिन टोचतं आणि लगेच एफडीजी देतं. मग सगळं एफडीजी स्नायूंत आणि हृदयात जातं. स्कॅनवर माणूस शरीरशास्त्राच्या पुस्तकातल्या स्नायूंच्या चित्रासारखा दिसतो, आणि त्या चित्रावर "रोग नाही" असा रिपोर्ट देणं धोक्याचं असतं. जलद इन्सुलिननंतर किमान चार तास आणि साध्या रेग्युलर इन्सुलिननंतर सहा तास गेल्याशिवाय एफडीजी देऊ नये. इन्सुलिनवरच्या रुग्णाला दुपारची वेळ मागा: पहाटे लवकर नाश्ता, नेहमीचं इन्सुलिन, मग उपाशी. फक्त गोळ्यांवरच्या रुग्णाला सकाळची पहिली वेळ. मेटफॉर्मिनमुळे आतडी लख्ख पेटतात. पोटाचा प्रश्न असेल तर, साखर सांभाळून, ४८ तास आधी थांबवतात. भरती असलेल्या रुग्णाला रात्रभर डीएनएस (साखरेचं सलाईन) चालू असेल तर तो उपाशी नाही. वॉर्डच्या सिस्टरांना हे लेखी द्या, आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू असेल तर तेही चिठ्ठीवर लिहा.

तेच स्टेरॉइड टीबी आणि लिम्फोमाच्या कोड्यात आणखी एका प्रकारे नडतं. बायोप्सीआधी स्टेरॉइड दिलं की लिम्फोमाची गाठ विरघळते, पेटही फिकं आणि बायोप्सीही नापास. आणि ताप उतरत नाही म्हणून अंदाजाने एकेटी (टीबीची औषधं) सुरू करून सहा आठवड्यांनी पेटला पाठवलेला रुग्ण तुमच्या प्रबंधातून बाहेर. त्याचा आकडा रोगाचा की औषधाचा, ते कोणालाच सांगता येणार नाही.

वेळेचं भान बाकी ठिकाणीही हवं. केमोनंतर किमान तीन आठवडे, जमल्यास सहा ते आठ. रेडिएशननंतर बारा आठवडे. डोकं-मान कर्करोगात तर बारा आठवड्यांनंतरचं पेट-सीटी इतकं भरवशाचं निघालं की २०१६ च्या पेट-नेक चाचणीत, ५६४ रुग्णांत, सरसकट मानेची शस्त्रक्रिया करण्याऐवजी पेटवर लक्ष ठेवण्याने आयुर्मानात तोटा झाला नाही. तेच पेट सहाव्या आठवड्यात केलं तर सुजेमुळे उजळलेली मान बघून विनाकारण चाकू फिरतो. पांढऱ्या पेशी वाढवणारं जीसीएसएफ दिलं असेल तर हाडांचा मगज आणि प्लीहा एकसारखे उजळतात. साध्या इंजेक्शननंतर दोन आठवडे थांबा, पेग असलेल्यानंतर (शरीरात जास्त दिवस टिकणाऱ्या प्रकारानंतर) त्याहून जास्त. अलीकडे दंडात लस घेतली असेल तर त्या काखेतली गाठ उजळते. ही सगळी माहिती मागणीपत्रावर चार ओळींत लिहिली नाही, तर रिपोर्ट लिहिणारा अंधारात तीर मारतो. "सी/ओ कर्करोग, पेट करा" अशा चिठ्ठीवर चांगला रिपोर्ट मागू नये.

रुग्ण हमखास विचारतो किरणांबद्दल. ६० किलोला २२२ मेगाबेक्वेरेल एफडीजीचे साधारण ४.२ मिलिसिव्हर्ट, वर सीटी. फक्त जागा दाखवण्यापुरता कमी डोसचा सीटी असेल तर आणखी थोडे, कॉन्ट्रास्टसह पूर्ण निदानाचा असेल तर एफडीजीच्या कितीतरी पट. म्हणून मागच्याच आठवड्यात झालेला चांगला सीटी हातात असेल तर पुन्हा पूर्ण डोसचा मागू नका. स्कॅननंतर त्या दिवसापुरतं लहान मुलांना आणि गरोदर बाईला मांडीशी घेऊन बसू नये, पाणी भरपूर प्यावं, बस्स. घरी वेगळं ताट-वाटी ठेवायची गरज नाही.

कधी रुग्ण शहरात पोचतो आणि "आज औषध आलं नाही, उद्या या" असं ऐकतो. त्यामागे आळस असेलच असं नाही. सायक्लोट्रॉन (फ्लोरिन-१८ बनवणारं यंत्र) गावात नसेल तर एफडीजी रस्त्याने किंवा विमानाने येतं. चार तासांच्या प्रवासात त्यातलं जेमतेम २२ टक्के उरतं, साडेपाच तासांत साडेबारा. गाडी घाटात अडकली की दिवसाची यादी कापावी लागते, आणि कापताना केंद्रं डोस कमी करून माणसं बसवायला बघतात. निघायच्या सकाळी फोन करून विचारून घ्यावं. तुमच्या नोंदवहीत मात्र प्रत्यक्ष दिलेला डोस हवा, ठरवलेला नको.

आता प्रबंध उभा कसा करायचा. रिपोर्टची झेरॉक्स, फिल्म किंवा व्हॉट्सॲपवर आलेली जेपीजी यांतून काही मोजता येत नाही. प्रत्येक रुग्णाकडून सीडी मागा आणि तीत ॲटेन्युएशन-करेक्टेड (शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांची दुरुस्ती केलेली) मूळ पेट मालिका आहे का ते तिथेच उघडून पाहा. बऱ्याच सीडींवर फक्त रंगीत फ्यूजनचे स्क्रीनशॉट असतात. डायकॉमच्या (स्कॅनच्या मूळ फाइलच्या) हेडरमध्ये पाच गोष्टी तपासा: रुग्णाचं वजन, एकूण डोस, इंजेक्शनची वेळ, स्कॅनची वेळ आणि एकक बीक्यूएमएल (दर मिलिलिटरला बेक्वेरेल) आहे की सीएनटीएस (नुसती मोजणी). सीएनटीएस असेल तर उत्पादकाचा खासगी गुणक लावल्याशिवाय एसयूव्ही निघत नाही. फुकटची सॉफ्टवेअरं तिथे चुपचाप चुकीचा आकडा देतात. आणखी एक खाच: सिरीज टाइम हा ॲक्विझिशन टाइमच्या नंतरचा दिसला तर ती मालिका नंतर पुन्हा लिहिलेली आहे, किरणोत्सार घटण्याचा हिशेब ॲक्विझिशनच्या (प्रत्यक्ष स्कॅनच्या) वेळेने करा. नावं काढताना ॲनॉनिमायझरने वजन आणि वेळाही पुसून टाकल्या तर फाइल कचरा झाली. तारखा सरकवायच्या असतील तर वेळेतलं अंतर तसंच ठेवून सरकवा.

प्रत्येक केंद्राला पत्र लिहून तीन गोष्टी मागा: रिकन्स्ट्रक्शनची पद्धत, पॉइंट-स्प्रेड चालू की बंद, आणि शेवटच्या क्रॉस-कॅलिब्रेशनचा निकाल. पाण्याच्या नळकांड्यात मोजून भरलेल्या फ्लोरिन-१८ चा एसयूव्ही १.० यायला हवा, दहा टक्क्यांच्या आत. उत्तर न देणाऱ्या केंद्राचे स्कॅन केवळ डोळ्यांनी वाचण्यापुरते वापरा.

नमुन्याचा आकार: संवेदनशीलता (कर्करोग असलेल्यांना बरोबर पकडण्याचं प्रमाण) ९० टक्के धरून, दहा टक्के कमी-जास्त चालवून, ९५ टक्के विश्वासाने सांगायची तर कर्करोग सिद्ध झालेले ३५ रुग्ण लागतात. विशिष्टता (कर्करोग नसलेल्यांना बरोबर वगळण्याचं प्रमाण) ७० टक्के धरली तर कर्करोग नसलेले ८१. बहुतेकजण पहिला आकडा काढतात आणि दुसरा विसरतात. टीबीच्या बाजूलाच जास्त माणसं हवीत. आणि ही रुग्णांची संख्या आहे, गाठींची नाही. एका रुग्णाच्या चार गाठी म्हणजे चार स्वतंत्र नोंदी नव्हेत. प्रत्येकाची एक, ज्या गाठीत सुई गेली तीच.

त्यातूनच मोठा सापळा निघतो. बायोप्सी फक्त उजळलेल्या गाठींची होते. फिक्या गाठींना कोणी हात लावत नाही. मग ज्या कर्करोगाच्या गाठी पेटने चुकवल्या त्या तुमच्या यादीत येतच नाहीत आणि संवेदनशीलता फुगते. फिक्या गाठींसाठी किमान सहा महिन्यांचा पाठपुरावा आधीच प्रोटोकॉलमध्ये लिहा, आणि कोणत्या बदलाला काय म्हणायचं तेही. टीबीचं निदान "एकेटीने बरं वाटलं" यावर धरू नका; सीबीनॅट, कल्चर, किंवा ग्रॅन्युलोमा आणि सीटीवर गाठ विरलेली. ग्रॅन्युलोमा एकटा पुरेसा नाही, कारण सार्कॉइड या दुसऱ्या आजारातही तो असतो आणि कर्करोगाच्या शेजारच्या गाठीतही प्रतिक्रिया म्हणून सापडतो.

स्कॅन वाचणारे दोघे असावेत, बायोप्सीचा निकाल माहीत नसलेले, आणि दोघांचं किती जुळलं ते सांगणारा कप्पा हा निर्देशांक द्या. कट-ऑफ ज्या रुग्णांतून काढला त्यांच्यावरच तपासून टक्केवारी छापू नका. रुग्ण कमी असतील तर बूटस्ट्रॅप (त्याच रुग्णांतून पुन्हा पुन्हा नमुने काढून तपासणं) करा, संख्याशास्त्रज्ञाला सुरुवातीलाच गाठा. आधीच झालेल्या स्कॅनवर काम असेल तर संमतीतून सूट मागता येते, पण ती एथिक्स कमिटीने द्यायची असते, तुम्ही गृहीत धरायची नसते. केवळ अभ्यासासाठी जादा स्कॅन करायचा विचार असेल तर जादा किरणांचा आकडा संमतीपत्रात मराठीत लिहा, खर्च रुग्णाच्या माथी नको, आणि उपचारात ढवळाढवळ होणार असेल तर सीटीआरआयची (देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीतली) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी.

सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) अजून गेला नसेल तर शीर्षकातून "कट-ऑफ" काढा. "टीबीबहुल भागात मेडियास्टायनल गाठींसाठी गाठ-यकृत गुणोत्तर आणि सीटीवरच्या खुणा यांची एकत्रित उपयुक्तता" असं काहीतरी धरा, केंद्रं चारऐवजी दोनच घ्या, आणि या आठवड्यात त्या दोन केंद्रांच्या भौतिकतज्ज्ञांना फोन लावा. त्यांनी डायकॉम द्यायला नकार दिला तर विषय बदलायला अजून वेळ आहे.